चौथं नख

"ज्ञानेश्वरी, हिरा कुठंय?"

रुमालाची गाठ सुटली आणि अंगठी अंबिकाबाईंच्या डाव्या तळहातावर आली. सोन्याचं कडं होतं, कड्याला गुंडाळलेला पिवळा दोरा होता, हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या चार बारीक नखांपैकी तीन नखंही होती... पण चौथं नख मोडलेलं होतं, आणि हिरा नव्हता!

ज्ञानेश्वरी पलंगाशी पेजेची वाटी घेऊन उभी होती. कालच सासूबाईंचा उजवा हात मोडला होता, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं होतं, म्हणून ती त्यांना भरवायला आली होती. वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"मी... मी उघडून पाहिलंच नाही, आई. दवाखान्यात नर्सनं बोटातून काढून दिली, तशीच रुमालात बांधली. तुमचा हात केवढा सुजला होता, तुम्ही विव्हळत होता... मला दुसरं काही सुचतच नव्हतं हो!"

"पाहिलं नाहीस?" अंबिकाबाई म्हणाल्या. "आणि इतके दिवस माझ्या मागे लागली होतीस, आई नख उचललंय, आई सोनाराला दाखवू! माझ्या अंगठीचं कुठलं नख सैल झालंय ते मला ठाऊक नाही, आणि तुला बरोबर ठाऊक? नजर ठेवल्याशिवाय ठाऊक होतं का कुणाला?"

काळजी करावी आणि तीच चोरीचा पुरावा ठरावी, असं दैव कुणाच्या वाट्याला येऊ नये!

ती अंगठी म्हणजे अंबिकाबाईंचा जीव की प्राण. यज्ञेश्वर सरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर, बायकोला जन्मभर एक दागिना मनासारखा करता आला नाही ही सल काढून टाकायला, ती हौसेनं घडवून घेतली होती. पुढे सर गेले, मंगळसूत्र उतरलं, बांगड्या उतरल्या. अंगठी मात्र त्यांनी उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटातून कधी काढली नाही. कणीक मळताना नाही, भांडी घासताना नाही, आणि रोज सकाळी देवासाठी सहाणेवर चंदन उगाळताना तर नाहीच नाही. वय झालं तसं बोट वाळलं, अंगठी बोटात गरगर फिरायला लागली, हिरा तळहाताकडे यायचा आणि चंदनाच्या खोडाबरोबर तोही दगडावर घासला जायचा. अंगठी बोटातून गळून पडेल म्हणून अंबिकाबाईंनी कड्याला दोरा गुंडाळून ती घट्ट केली. हिराच गळून पडेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

ते आलं ज्ञानेश्वरीच्या मनात. सासूबाईंच्या अंगावर शाल घालताना लोकरीचा धागा अंगठीला अडकला. तिनं सोडवला, तो पुन्हा अडकला. तिनं वाकून पाहिलं तर एका नखाचं टोक वर उचललेलं, झिजून अगदी पातळ झालेलं. ती लगेच म्हणाली, "आई, सोनाराकडून एवढं भरून आणू या, नाहीतर हिरा निसटेल." अंबिकाबाईंनी हात मागे ओढला. "माझ्या बोटातून ही निघायची ती मी गेल्यावर. तोवर जरा दम धर."

तरी ती वेडी पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच ऐकलं. मग तिनं जीभ चावली आणि गप्प बसली.

आणि शनिवारी सकाळी पूजा आटोपून उठलेल्या अंबिकाबाई ओल्या पायानं न्हाणीच्या पायरीवर घसरल्या. वरद, त्यांचा मुलगा, एमआयडीसीत कामावर गेलेला. घरात सासू-सून दोघीच. ज्ञानेश्वरीनं सासूबाईंना पोटाशी धरून रिक्षात घातलं, सावेडीच्या दवाखान्यात नेलं, क्ष-किरणाच्या खोलीबाहेर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. एवढं सगळं केलं... आणि एक रुमाल उघडून पाहायचा तेवढा राहिला!

"पूजेच्या वेळी हिरा होता," अंबिकाबाई शपथेवर सांगत होत्या. "गंध उगाळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर अंगठी माझ्या बोटात होती, नाहीतर हिच्या रुमालात."

घर धुंडाळलं. न्हाणीची मोरी उपसली, अंगण झाडून माती चाळली, वरद दवाखान्यात जाऊन पलंगाखाली पाहून आला, रिक्षावाल्याला शोधून त्याची गादी उचलून पाहिली. हिरा काही मिळेना. तेव्हा ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "देवघरात नीट पाहायला हवं. पूजा करतानाच पडला असेल."

"देवघरात मी बसते," अंबिकाबाई म्हणाल्या. "तिथलं तू मला सांगू नकोस."

तेही खरंच होतं म्हणा. देवघरातलं काही सांगण्याचा अधिकार ज्ञानेश्वरीला त्या घरात नव्हताच. ती तिसगावच्या शेतकऱ्याची लेक, वरद नगरच्या पिढीजात भटजी-मास्तरांच्या घरातला. एकाच कंपनीत काम करता करता मनं जुळली आणि लग्न झालं. अंबिकाबाईंनी होकार दिला तो नवऱ्याच्या शब्दाखातर. पण सून माप ओलांडून आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "स्वयंपाकघर तुझं, देवघर माझं. देवांना हात लावायचा नाही." तिच्या आईनं, रतनबाईनं, चार जणींना विचारून, 'तुमच्यात नवरीला अन्नपूर्णा देत्यात म्हनं' म्हणून हातभर आनंदानं आणलेली पितळेची बोटभर अन्नपूर्णा लेकीबरोबर दिली होती. सरांनी ती स्वतः वाटीभर तांदळांवर देव्हाऱ्यात बसवली. दर शुक्रवारी अंबिकाबाई तिच्याखालचे तांदूळ बदलत आणि जुने तांदूळ घरच्या भातात घालत. ज्ञानेश्वरी मात्र आपल्या माहेरच्या देवीला उंबऱ्याबाहेरून हात जोडायची. सर गेल्यावर सासूबाईंना एकटं वाटू नये म्हणून तिनं नोकरी सोडली, घर सांभाळलं, त्यांची पथ्यं सांभाळली. पण तो उंबरा काही तिला ओलांडता आला नाही.

वरदनं बॅटरी घेऊन देवघर पाहिलं. पाटाखाली पाहिलं, सहाण उचलून पाहिली, कोपरे झाडले. देवांना त्यानं हलवलं नाही. आईचा हात मोडल्यापासून पूजाही तोच करत होता, आणि ती पूजा म्हणजे काय, तर कामाला निघता निघता देवांवर चार फुलं ठेवायची आणि हात जोडून पळायचं.

आता अंबिकाबाई सुनेच्या हातचं पाणीसुद्धा मागेनात. डाव्या हातानं कशीबशी भाकरी मोडायच्या, निम्मी अंगावर सांडायच्या, पण 'ये, भरव' म्हणायच्या नाहीत. आंघोळ घालताना, केस विंचरताना ज्ञानेश्वरीचे हात अंगाला लागले की त्या डोळे मिटून घ्यायच्या. ती मुकाट्यानं सारं करायची. अपमानानं गळ्याशी हुंदका यायचा, तो ती पाण्याच्या तांब्याबरोबर खाली ठेवायची. इतकी वर्षं जीव ओतून मिळवलेलं हे घर एका मोडक्या नखापायी हातातून चाललंय, हे तिला ढळढळीत दिसत होतं.

सासूचं बोलणं ती सोशीत होती. कारण तिला आत कुठेतरी एक भरवसा होता... वरदचा. तो भरवसा सोमवारी सकाळी मोडला.

ती डबा भरत होती. वरद मागे येऊन उभा राहिला, आवाज खाली आणून म्हणाला, "ज्ञानू, एक विचारू? रागावू नकोस. चुकून तुझ्या हातून पडला असेल, आणि भीतीपोटी बोलत नसशील... तर मला सांग. मी आईला सांभाळून घेईन."

डब्याचं झाकण तिच्या हातून निसटलं.

"तू विचारतोयस वरद? तू?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? हरवला असता तर पहिल्यांदा तुझ्याकडेच धावत आले नसते का मी? आणखी कोण आहे मला या घरात!"

तो खाली मान घालून डबा घेऊन गेला. ज्ञानेश्वरी ओट्याला धरून उभी राहिली. आता ती त्या घरात अगदी एकटी होती.

मंगळवारी पुण्याहून नणंद आली, मनवा. आईचा हात पाहून रडली, रिकामी अंगठी पाहून आणखी रडली. बाबांची एवढीच आठवण होती ना! मग डोळे पुसून म्हणाली, "वहिनी, आम्हाला चारचौघांत काही न्यायचं नाहीये. घरातलं घरात मिटू दे. काय ते खरं सांगून मोकळी हो." ज्ञानेश्वरी काय सांगणार? तिचं गप्प राहणं मनवाला कबुलीसारखं वाटलं, आणि तिनं तिसगावला फोन लावला.

गुरुवारी वरद रजा घेऊन घरी थांबला होता. दुपारी रतनबाई आली. करंजीचा घाट ओलांडून एसटीनं आलेली, पदरानं तोंड पुसत दारातच उभी. लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिचा धीर सुटला.

"ईहीणबाई, माझी पोरगी उपाशी ऱ्हाईल, पर दुसऱ्याच्या जिनसंला हात लावनार न्हाई. आमच्यात कुनी लावला न्हाई आजवर!"

"मग हिरा काय उडून गेला?" अंबिकाबाई म्हणाल्या.

"त्ये मला काय म्हाईत बाई? पर आमच्या हातची भाकरी तुमाला चालती, पोरीनं केल्याली शेवा चालती, अन् भरवसा तेवढा चालत न्हाई व्हय?"

"माय, गप!" ज्ञानेश्वरी कळवळून म्हणाली. आपल्यापायी आईनं असं कुणाच्या दारात उभं राहून बोलावं, हे तिला सहन होईना.

अंबिकाबाई पलंगावरून उठल्या. प्लास्टरचा हात छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत त्या देवघराच्या दाराशी गेल्या. "ठीक आहे. माणसांचं राहू दे. ही अन्नपूर्णा तुमच्याच घरची आहे ना? मग तिलाच हातात घेऊ दे, आणि सांगू दे हिरा घेतला नाही म्हणून. खोटी शपथ घेतली तर काय होतं ते तीच जाणे. जा ज्ञानेश्वरी... आत जा."

आत जा!

किती वर्षं या दोन शब्दांसाठी तिनं वाट पाहिली होती! एखाद्या सणाला, एखाद्या शुक्रवारी सासूबाई म्हणतील, 'ये गं, तुझ्या देवीला आज तू गंध लाव'... असं तिला नेहमी वाटायचं. आणि आज बोलावलं ते आरोपी म्हणून. तिनं हातपाय धुतले, ओल्या पायांनी उंबरा ओलांडला, देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले. मागे दारात सासू, नवरा, नणंद, आई. सगळ्यांकडे तिची पाठ. तिनं अन्नपूर्णा उचलली.

देवीखालच्या तांदळांत बोटभर खळगा पडलेला होता. त्या खळग्याच्या कडेला, पांढऱ्या दाण्यांत अर्धा बुडालेला, हिरा चमकत होता.

आनंदानं किंचाळावं म्हणून तिनं तोंड उघडलं... आणि तसंच राहिलं. कारण त्याच क्षणी तिला कळून चुकलं, की आता ओरडलं तर सगळे काय म्हणतील! शनिवारपासून हिरा मिळत नव्हता, आणि हिचा हात देव्हाऱ्यात गेल्याबरोबर मिळाला? मुठीतच होता म्हणतील. भिऊन टाकला म्हणतील. हिरा घरात येईल, सगळे 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणून उदारपणे माफ करतील, आणि न केलेल्या चोरीची ती माफी तिला जन्मभर वागवावी लागेल. पुन्हा घरात एक चमचा हरवला तरी नजरा तिच्याकडेच वळतील. अरे देवा... समोर सुटका दिसतेय आणि हात लावायची सोय नाही!

"बोल ना," मागून मनवा म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं देवी छातीशी धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मी हिरा घेतला नाही. लपवला नाही. माझ्या हातून हरवलाही नाही. आई अन्नपूर्णे, तूच साक्षी आहेस." तिनं देवी होती तशी, त्याच खळग्यात अलगद बसवली. मग उठून सासूबाईंसमोर आली, आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, मी जाते माझ्या मायबरोबर. माझ्या हातचं तुम्हाला पाणी नको असेल तर मी इथं राहून काय करू? एकच मागते. उद्या शुक्रवार. देवीचे तांदूळ बदलायचे आहेत. ते वरदला बदलू देऊ नका, मनवाताईंनाही नको. डाव्या हातानं का होईना, पण तुमच्याच हातानं बदला. एवढं कराल ना?"

ती उठली आणि चार कपडे पिशवीत भरू लागली. वरद म्हणाला, "ज्ञानू, अशी तडकाफडकी..." पण पुढे होऊन त्यानं तिच्या हातातली पिशवी काही धरली नाही.

तिसगावला पोहोचल्यावर ज्ञानेश्वरीनं आईला खरं सांगितलं. रतनबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं मंग तिथंच बोंबलायचं न्हाई का? दिसला हुता तर गप का बसलीस? येडी हायेस का तू!"

"माय, मी काढला असता तर तो मीच ठेवला असता त्यांच्या लेखी. त्यांच्या हाताला लागला पाहिजे."

"अन् न्हाई लागला तर?"

तांदूळ चिमण्यांना टाकले तर? न पाहता डब्यात ओतले तर? रागापायी बदललेच नाहीत तर? शुक्रवार उजाडला. ती सकाळपासून फोन पदराखाली घेऊन बसली. भाकरी थापताना, गुरांना पाणी दाखवताना, वडिलांना, कानिफनाथरावांना, चहा देताना तिचं सगळं ध्यान त्या फोनकडे. वडील बोलके नव्हते. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "पोरी, हे घर तुजंच हाय," आणि रानात निघून गेले. त्या शब्दांनी तिला धीर यायच्या ऐवजी रडूच आलं. शुक्रवार मावळला. फोन वाजला नाही.

शनिवारीही वाजला नाही. आळीतल्या बायका येऊन बसत, इकडचं तिकडचं बोलत, आणि जाता जाता विचारत, "सणाबिणाला न्हाई, अशीच आलीस व्हय?" ज्ञानेश्वरी हसून मान हलवायची. संपलं, तिच्या मनानं घेतलं. एवढा मोठा डाव आपण वाटीभर तांदळांवर लावला आणि हरलो. दोन शब्द ओरडून बोलले असते तर निदान संशयाचं का होईना, पण घर तरी राहिलं असतं... आता ना हिरा, ना घर, ना अब्रू. तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या, देवीलाही घातल्या.

रविवारी सकाळी अंगणात रिक्षा थांबली.

आधी वरद उतरला. त्यानं हात देऊन आईला उतरवलं. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, विस्कटलेले केस, चुरगळलेलं लुगडं. ज्ञानेश्वरीनं सासूबाईंना अशा अवतारात कधी पाहिलं नव्हतं. डाव्या हातात त्यांनी रेशमी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरलं होतं. रतनबाई चुलीपुढून उठून आली, पण 'या' म्हणायला तिचं तोंड उघडेना.

अंबिकाबाई ओट्यावर बसल्या. दम लागला होता. सुनेकडे पाहत म्हणाल्या, "तू पाहिला होतास ना?"

ज्ञानेश्वरीला खोटं बोलवेना. तिनं नुसती मान हलवली.

"मला वाटलंच!" अंबिकाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी बदलले मी तांदूळ. तू सांगितलंस म्हणून नव्हे, रीत म्हणून. डाव्या हातानं वाटी उपडी केली, डोळ्यांत पाणी, मला काही दिसलं नाही. मनवानं ते तांदूळ तसेच धुऊन कुकरला लावले. निवडणारं घरात होतं कोण? जेवायला बसले, दुसऱ्याच घासाला दाताखाली खडा आला. आणि मी... मी चिडून हाक मारली गं! 'ज्ञानेश्वरी, तांदूळ निवडले नाहीस का?' हाक मारली आणि मग आठवलं, तू नाहीयेस."

त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.

"तोंडातून काढून पाहिलं तर हिरा! मनवा म्हणाली, शपथेच्या वेळी वहिनीनंच टाकला असेल. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. रात्रभर तेच येत राहिलं. काल सकाळी म्हटलं, एका हातानं का होईना, देवीला आंघोळ घालू. म्हणून उचलली..." त्यांनी मांडीवरचं फडकं उलगडलं. "बघ."

बोटभर अन्नपूर्णा. तिच्या छातीवर चंदनाचा जाड, वाळून भेगाळलेला ठिपका. आणि त्या चंदनात रुतून बसलेला, तिळाहून बारीक, सोन्याचा एक तुकडा उन्हात चकाकत होता.

अंगठीचं चौथं नख!

"हे गंध माझ्या बोटाचं," अंबिकाबाई म्हणाल्या. "पडायच्या आधी, त्या सकाळी मी लावलेलं. त्यानंतर हिला गंध लावलंय कुणी? वरदनं नुसती फुलं वाहिली. माझंच बोट, माझीच अंगठी, मीच दगडावर झिजवलेलं नख. ते माझ्याच गंधात मोडून पडलं, हिरा तिच्या तांदळांत गेला... आणि चोर कोण, तर तू! मी अजून हिला धुतलं नाही ज्ञानेश्वरी. तुला दाखवल्याशिवाय धुवायचं नाही, असं ठरवून आणलीय. कालच यायचं होतं. तोंड दाखवायचा धीर झाला नाही." आणि त्या एकाएकी ओक्साबोक्शी रडू लागल्या. "दिसला होता तर बोलायचं नाहीस का गं पोरी? एवढी वाईट होते का मी, की समोर दिसत असूनही तुला बोलायची भीती वाटावी?"

ज्ञानेश्वरी त्यांच्यासमोर खाली बसली. किती दिवसांचं दाबलेलं रडं एकदम फुटलं. "तुम्ही वाईट नव्हता आई. पण माझ्यावर तुमचा विश्वास नव्हता. तो हिऱ्याबरोबर मिळाला नसता मला..."

"ज्ञानू, माझं चुकलं," वरद पुढे झाला. "मी तुला विचारायला नको होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे पुसले. "तुझ्याशी मी घरी गेल्यावर बोलणार आहे," ती म्हणाली. तो मान खाली घालून रिक्षावाल्याशी उगीचच काहीतरी बोलायला गेला.

अंबिकाबाईंनी डाव्या हातानं देवी उचलून सुनेपुढे धरली. "घे. धू तिला. तुझ्या हातानं धू. तुझ्या सासऱ्यांनी बसवलीय म्हणून का होईना, इतकी वर्षं रोज सकाळी गंधाचं शेवटचं बोट मी हिलाच लावत आले. देवीला जवळ केलं आणि तिच्या लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवलं. आता नाही. यापुढे गंध तू उगाळायचं, देव तू पुजायचे."

"आणि अंगठी?" ज्ञानेश्वरीनं रडता रडताच विचारलं.

"ती सोनाराला दे. चारी नखं नवी, जाड घालून घे. नंतर तुझ्या बोटात राहू दे."

"नको आई. बाबांनी ती तुम्हाला दिलीय, तुमच्याच बोटात शोभते. मी घातली आणि गंध उगाळायला लागले तर पुन्हा नखं झिजायची! तुम्ही घाला. फक्त सहाणेला आता हात लावायचा नाही."

"ऐकलंत का विहीणबाई, मला आता देवघरातली बंदी!" अंबिकाबाई रडता रडता हसल्या, आणि रतनबाईलाही हसू आवरेना.

ज्ञानेश्वरीनं तांब्याभर पाणी आणलं. ओट्याच्या कडेशी बसून चंदनाचा ठिपका नखानं हळूच सोडवला, सोन्याचा तुकडा सासूबाईंच्या तळहातावर ठेवला, आणि देवीवर पाणी घातलं. देवीच्या पदराच्या चुण्या, हातातली पळी, सगळं तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. रतनबाई पदर डोळ्यांना लावून बघत उभी होती. मग एकदम भानावर येऊन म्हणाली, "आगं बाई, ईहीणबाई, तुमी सकाळधरनं काय खाल्लंय का न्हाई? थांबा, आत्ता वाढते. दूध-भात वाढू का?"

"भात नको!" अंबिकाबाई घाईनं म्हणाल्या. "भाकरी वाढा."

ताट आलं. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी. अंबिकाबाईंनी ताटाकडे पाहिलं, पण डावा हात पुढे केला नाही. तो मांडीवर ठेवून त्या सुनेकडे बघत बसून राहिल्या. ज्ञानेश्वरीनं ओले हात पदराला पुसले, भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

अंबिकाबाईंनी तोंड उघडलं.